दुसरी वेलांटी

स्मारकाच्या काळ्या दगडावर गावच्या सात शहिदांची नावं होती. सातव्याखाली दगड कोरा होता. वर उलट्या बंदुकीवर हात टेकून, मान खाली घातलेला सिमेंटचा जवान. डेअरीत दूध घालून परतताना तानाबाई रोज त्याच्या बुटांवरची कबुतरांची घाण पुसायची. आज तिथं नावं कोरणारा शमशुद्दीन दगडाला मोजपट्टी लावून बसला होता.

"बरं झालं आलासा, आक्का. राजवीरला दुसरी वेलांटी न्हवं?"

तिच्या हातातली दुधाची किटली पायरीवर आपटली. राजवीर, तिचा मुलगा, सीमेवर होता. गोळीबार सुरू झाल्यापासून त्याचा फोन लागत नव्हता. गावाला आधी कळतं, आईला मागून. सातव्या नावाच्या वेळी तिनं पाहिलं होतं, त्या घराच्या दारात बातमीआधी खुर्च्या पोचल्या होत्या.

"कुणी सांगितलं तुला?"

"बाळासोंनी."

पंचायतीचा मेंबर बाळासो समोरच्या टपरीवरून चहा घेऊनच आला.

"काय झालं, आक्का?"

"माझ्या पोराचं काय झालं, ते तू सांग."

"काय बी न्हाय. नोकरीवर हाईत त्या अकरा पोरांची बी नावं घालायची ठरलंय. गावाला अभिमान हाय की."

ती पायरीवर बसली.

"जित्यांची? ह्यांच्याखाली?"

"जागा हाय म्हणून."

"मग तुझ्या पोराचं, आदर्शचं घाल."

"त्यो पेट्रोल पंपावर हाय."

"जिता हाय न्हवं? घाल की मग."

बाळासोनं चहा टपरीकडं परत नेला.

"अजून कोरलं न्हाय, आक्का," शमशुद्दीन हळूच म्हणाला. "पांढऱ्या पेन्सिलीनं लिवलंय नुसतं. एका नावाला दोन इंच."

आठवं नाव राजवीरचं होतं. बूट पुसायचं फडकं तिनं त्यावर फिरवलं. मग पुन्हा, पदरानं.

गावात ही गोष्ट दुपारपर्यंत पोचली. त्या अकरा घरांतल्या बायका येऊ लागल्या. कुणी पाण्याचा तांब्या आणला, कुणी थुंकी लावून बोटानं पुसलं. सुगराभाभीनं आपल्या कामिलचं नाव नखानं खरवडलं, पुसलं गेल्यावरही खरवडत राहिली.

तानाबाई पायरीवरच होती. फोन लावत होती. लागत नव्हता.

ऊन उतरल्यावर शमशुद्दीननं हत्यारं पिशवीत भरली आणि जाण्याआधी दगडाला मोजपट्टी पुन्हा लावली.

सातव्या नावाखाली बावीस इंच दगड कोरा होता.