नैवेद्याआधीचा थेंब

आमची सून ज्ञानेश्वरी नगरला प्रयोगशाळेत काम करती. तिथं तिनं एक डबी बनवलीय, दुधातलं विष उजेडानं हुडकणारी. रविवारी कोल्हारला घरी येताना ती डबी पोटाशी धरून आनती. नवऱ्याला तरी येवढी जपती का, देव जाणे.

मागं एका रविवारी पहाटे आमची गाय व्याली. लेक मोनिका बाळंतपणाला आलेली. आल्यापासून खरवस खरवस करून तिनं माझा जीव खाल्ला हुता. सकाळी चीक काढताना एक सड गरम लागलं, पन मी मनावर घेतलं न्हाई. त्यात दिवसभर लाईट न्हवती, फ्रिज बंद. संध्याकाळी त्याच चिकात गूळ-वेलदोडा घालून खरवस उकडला. वास घरभर सुटला.

देवाला दाखवायला वाटी घ्यावी, तर ही बया, ज्ञानेश्वरी, पातेल्यात चमचा घालतीय.

"अगं, नैवेद्याआधी उष्टं केलंस?"

"आई, मी कुठं खाल्लं? डबीला दिलं."

"मग डबीचं उष्टं झालं की!"

लई बोलले मी तिला. ती आपली खाली मान घालून चमच्यातला खरवस पाण्यात कालवून काचेच्या पट्टीवर थेंब सोडत बसली. विष असलं की ते पट्टीला चिकटतं, पट्टीतला उजेड बदलतो, अन् मोबाईलवर रेघ वर चढती. येवढं तिनंच मला शिकवलेलं. रेघ चढली. तिनं दुसरी पट्टी घेतली. तीबी चढली.

"चांगला उकडलाय की," मी म्हनले.

"उकडल्यानं जंतू मरतात, आई. त्यांनी आधी सोडलेलं विष तसंच राहतं."

मोनिका रिकामी वाटी घेऊन पाटावर बसलेली. तिच्या पोटाकडं बघितलं अन् तिच्या हातातली वाटी काढून घेतली. सगळा खरवस गोठ्यामागं खड्डा करून पुरला. मोनिका रडली. गाईच्या त्या गरम सडाला डॉक्टर आनला.

पुढच्या रविवारी जावेच्या गाईचा चीक मिळाला. खरवस उकडला अन् पातेलं नेऊन आधी डबीपुढं ठेवलं.

"घे, हिला दे आधी."

रेघ जागची हलली न्हाई. मग देवाला दाखवला. मोनिकानं वाटी पुढं केली. तिला म्हनलं, थांब जरा. पहिली वडी ज्ञानेश्वरीच्या हातावर ठेवली.

"आई, आधी लेकीला द्या," ती म्हनाली.

"लेकीलाच देतीय. खा गुमान."