माझी दुपारची झोप

मित्रांनो, हसू नका. अडगळीत पडलेला हा पिवळट, कपाटाएवढा डबा म्हणजे मी, एक जुना संगणक. एके काळी नागपुरात, सदर भागातल्या एका विणकर संस्थेत माझी चांगलीच वट होती. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी तिथे आलो. पोटात युनिक्स नावाची प्रणाली, समोर पडदा आणि कळा. लोकांनी मला हार घातला, शिवाय माझ्यासाठी कुलर बसवला. अध्यक्षांच्या खोलीतही तेव्हा पंखाच होता!

माझ्यापाशी चंद्रकला बसे. विणकराची पोर, मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता मॅट्रिक झालेली. कोणाला किती सूत द्यायचे, कोणती किनार कोणी विणायची, हे सारे ती माझ्यात भरत असे. तिचे वडील नत्थूजी संस्थेचे चौकीदार होते. नजर अधू झाली आणि त्यांचा माग सुटला होता.

पुढे मला झोपेचा रोग जडला. पडदा जिथल्या तिथे थिजे. कितीही कळा दाबा, एक अक्षर उमटत नसे. आतून मी टक्क जागा होतो, पण सांगणार कसे? शेवटी वीज तोडून मला उठवत आणि चंद्रकलेचे सकाळपासूनचे काम पाण्यात जाई. मेकॅनिक आला, त्याने तारा उपसल्या आणि डोके खाजवत निघून गेला. अध्यक्ष चंपतराव वैतागले.

"सोमवारी हा पुन्हा झोपला तर परत धाडतो याले. अन् तू आपल्या कांड्या भर, बाई."

चंद्रकला रडली, पण रडत बसली नाही. मी केव्हा केव्हा झोपलो ते तिने आठवून आठवून वहीत मांडले. दर वेळी जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली असे! सोमवारी सुट्टी होताच ती जेवणाचा डबा न उघडता दाराआड उभी राहिली.

नत्थूजी आले. खिशातून मागावर आडवे सूत ओवायचा आपला जुना लाकडी धोटा काढून त्यांनी कपाळाला लावला आणि माझ्या कळांवर अलगद ठेवला. नेमकी पडदा थोपवायची कळ दबली. धोटा उचलला, तरी ती कळ पुन्हा दाबेपर्यंत पडदा हलत नसे.

"बाबा, हे काहून ठेवून राहिले तुम्ही?"

म्हातारा चपापला. "मागावरून उठलं का धोटा ठेवून उठावं, वं. रिकामा माग बरा नाही. तू तशीच उठून जातं, म्हणून मीच ठेवतो. लोक हासतीन म्हणून तू यायच्या आत उचलतो."

चंद्रकलेने धोटा उचलून त्याखालची ती कळ दाबली आणि पडदा धावू लागला. नत्थूजींना उमगले.

"माह्याच हातानं तुही नोकरी जात होती का वं?"

"कळांवर नका ठेवू, बाबा," ती अगदी हळू म्हणाली. "इथं पडद्याच्या वर ठेवत जा."

संध्याकाळी चंपतरावांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "कळ माह्याच हातून दबत होती, साहेब." तिला चार शब्द ऐकावे लागले. दाराशी नत्थूजी मान खाली घालून उभे होते. आपल्याला बोलता येत नाही, याचा मला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला.

मित्रांनो, एखादे यंत्र अडले तर लगेच भंगारात काढू नका, घटकाभर त्याच्याजवळ बसा. आणि कोणी मायेपोटी चुकला असेल, तर त्याला सांगताना आवाज चंद्रकलेएवढाच ठेवा.