सीतादहीचा मान

आमच्या ह्यांना शब्दांचं वेड. अमरावतीत हरिहर गुरुजी म्हणून ओळखतात; संस्कृत शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. नांदगाव खंडेश्वरचं आमचं शेत २००६ साली आम्ही नासिरला मक्त्याने दिलं. एकामागून एक साल बुडत होतं, आमच्याच्याने होईना. त्याने आणि त्याच्या बायकोने, शकीलाने, तिथे कपाशी उभी केली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर कापूस फुटला आणि नेमकं आभाळ भरून आलं. भिजला असता तर दोघांची वर्षाची मेहनत मातीत गेली असती. तरी वेचणाऱ्या बाया बांधावर बसलेल्या. सीतादही झाल्याशिवाय, म्हणजे घरच्या बाईने पहिल्या झाडांना दहीभात वाहिल्याशिवाय, आमच्याकडे कुणी बोंडाला हात लावत नाही. हा मान दरवर्षी माझा. मी ऐटीत डबा घेऊन निघाले, तर बायांमधल्या पार्बताबाईने अडवलं.

"तुमी नाही, बाई. पीक जिचं, तिनं करावं."

शकीला मागे सरली. दुसऱ्यांच्या देवीची पूजा आपण कशी करायची, असं तिने नासिरला हळूच विचारलं.

एवढ्यात आमचे हे सुरू झाले. सीता म्हणजे मुळात नांगराने ओढलेलं तास. जनकाला ती तिथेच सापडली, म्हणून तिचं ते नाव. नासिर म्हणाला, अरबीत सित्ता म्हणजे सहा. ह्यांना तेवढंच हवं होतं. तिकडे आफ्रिकेत, स्वाहिलीत, तोच सहा 'सीता' होऊन बसलाय म्हणे. आणि ग्रीकांचं 'सीतोस' म्हणजे धान्य. त्याचं आपल्या तासाशी नातं लागतं का, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. वर ढग गडगडत होते. मला ह्यांचा असा राग आला, आणि खरं सांगायचं तर पुढचं ऐकायचंही होतं.

शकीलाने विचारलं, सीता म्हणजे तासच ना? हे म्हणाले, तासच.

"मंग मी तर पेरणीपासून तिच्यातच वाकून राहिली, गुरुजी. तिची न् माही ओळख जुनीच हाये."

तिने हात पुढे केला. इतकी वर्षं मान मी घेतला, पण तासात एकदाही वाकले नव्हते. डबा मी तिच्या हाती दिला. तिने झाडांच्या बुंध्याशी दहीभात ठेवला, बायांनी वेचलेला कापूस टाकायला कमरेला फडक्यांच्या ओट्या बांधल्या आणि भराभर तासांत शिरल्या. पार्बताबाईकडे एक फडकं जास्तीचं होतं. ते मी मागून घेतलं.