माहेरचे ढेकूण

ढेकूण कुणाच्या घरात नसतात हो? कलेक्टरच्या बंगल्यातही असतील. पण आमच्या घरात ढेकणांना गोत्र होतं. रात्री ढेकूण चावला की आमचे हे अंथरुणात उठून बसायचे, दोन बोटांत तो पकडायचे आणि म्हणायचे, "हा बघ. तुझ्या माहेरचा!"

कारण काय, तर पलंग माझ्या माहेरचा. बदलापूरला आमच्या परसातला फणस वादळात पडला, तेव्हा माझ्या वडिलांनी त्याचे दोन पलंग करून घेतले. एक दादाला, एक मला. सुताराशेजारी बसून दोन्ही पलंगांना स्वतःच्या हातानं पॉलिश केलं. माझं लग्न झालं आणि त्याच वर्षी वडील गेले. माझ्याकडे त्यांचा साधा फोटोही नाही, हा पलंग आहे. त्याला कुणी वेडंवाकडं बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

हे अंबरनाथला कारखान्यात केमिस्ट. घरी आले तरी केमिस्टच. आमटी खारट झाली तर सरळ "खारट आहे" म्हणणार नाहीत, "प्रमाण चुकलं" म्हणतील. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी कल्याण कॅम्पातून, म्हणजे आता उल्हासनगर म्हणतात तिथून, डीडीटीचा डबा आणला. "लष्कराचा माल आहे," म्हणाले. पहिल्याच दिवशी ढेकणांचा असा खच पडला की मी सुपात भरून बाहेर टाकले. शेजारपाजारचे बघायला आले. ह्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं, ते मीच लावलं. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू?

मग ह्यांनी काटकसर सुरू केली. दर रविवारी पलंगाच्या सांध्यांवर चिमूट चिमूट पावडर. देवाला अक्षता वाहाव्यात तशी. म्हणे एवढी पुरते. दुसऱ्या वर्षी थोडे ढेकूण दिसायला लागले. तिसऱ्या वर्षी पुष्कळ. चौथ्या वर्षी चिमटीची मूठ झाली, मुठीची ओंजळ झाली. मी शिंकून शिंकून बेजार. आमची मांजर घर सोडून शेजारच्या मोरिवली गावाकडे निघून गेली ती परत आलीच नाही. ढेकूण मात्र टुणटुणीत!

आधी दोष आला दुकानदारावर. "भेसळ करतो लेकाचा!" हे उल्हासनगरला भांडायला गेले. तो बिचारा सिंधी म्हणाला, "साईं, भेसळ कशी? सील तुमच्यासमोर तोडतो." त्या नव्या डब्यातली पावडर घातली, तरी आमचे ढेकूण तिच्यावरून सावकाश चालत गेले. मग दोष फिरून माझ्या माहेरावर. "मूळ जातच चिवट आहे," हे म्हणाले. "तुझ्या माहेरची ना!"

दसऱ्याला सोनं वाटून आले आणि कोट काढता काढता म्हणाले, "हा पलंग फोडून बंबात घालायचा. ठरलं."

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. आंघोळीचं पाणी तापवायला माझ्या वडिलांचा पलंग! मी रडले, भांडले, एक दिवस जेवले नाही. शेवटी मी म्हणाले, "निदान भाऊबीज होऊ द्या. दादासमोर फोडलेला पलंग नको." तेवढं ऐकलं त्यांनी. "भाऊबीज झाली की संध्याकाळी लाकडं फोडणाऱ्या हिरामणला कुऱ्हाड घेऊन बोलावतो," म्हणाले.

त्यानंतर मी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ माझी! एकदा हे पुन्हा "माहेरचा" म्हणाले आणि मी उसळले. "अहो, आमच्याकडचे ढेकूण गरीब. तुमची पावडर लागली असती तर निमूट मेले असते. हे असले निगरगट्ट आमच्याकडचे नव्हेतच!"

"सिद्ध कर," हे म्हणाले.

"करते की. दादाचा पलंग त्याच फणसाचा, त्याच घरातला. वहिनीला वास सोसत नाही म्हणून तिथे आजवर पावडर शिरलेली नाही. त्यातले ढेकूण आणवते. घाला तुमची पावडर."

ह्यांच्यातला केमिस्ट जागा झाला. डोळेच चमकले. "बरं. तुझ्या दादाचे मेले आणि आपल्याकडचे जगले, तर पलंग राहिला. दोन्हीकडचे जगले, तर तुझ्या माहेरचं वाण चिवट हे ठरलं. मग कुऱ्हाड. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. मी ढेकणांच्या जिवावर वडिलांचा पलंग पणाला लावला होता!

दादाला कार्ड टाकलं. 'या वर्षी ओवाळणी नको. येताना तुझ्या पलंगातले ढेकूण आण, जिवंत.' पोस्टमननं ते वाचलं असणार, कारण पुढे कितीतरी दिवस तो आमच्या ओट्यावर बसायचा बंद झाला.

माझा दादा, विष्णुपंत, बदलापूरला शाळामास्तर. भाऊबीजेला काळा कोट, काळी टोपी घालून आला. आत येताच कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं बाटली काढली. "कुमे," तो दात-ओठ खात म्हणाला, "स्टेशनात हेडमास्तर भेटले. काय नेता आहात म्हणाले. मी बहिणीसाठी अत्तर आहे म्हणालो. त्यांनी वास घ्यायला मागितलं!"

ओवाळलं. दादानं तबकात खण ठेवला आणि खणावर बाटली ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "जन्मात पाहिली नव्हती हो अशी ओवाळणी!"

ह्यांनी कारखान्यातून काचेच्या दोन बशा आणल्या होत्या. दोन्हींत सारखी पावडर पसरली. एकीत दादाचे ढेकूण, एकीत आमचे. आमचे जमवायचं काम सासूबाईंकडे होतं, कारण मी पुरणात अडकले होते आणि ह्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. त्यांनी एका वाटीत आणून दिले. मग सगळे जेवायला बसलो.

दुपार कलली. मोरिवलीचा हिरामण कुऱ्हाड घेऊन आला आणि ओट्यावर तंबाखू मळत बसला. मी देवाला हात जोडले आणि बशांपाशी गेले. हे आधीच भिंग घेऊन बसले होते.

दादाच्या बशीत सगळे उताणे! एकाचा पाय हलत होता, तोही थांबला. आमच्या बशीतले मात्र खुशाल फिरत होते, जत्रेला आल्यासारखे. एक तर काठावर चढायला बघत होता.

"मेले!" मी ओरडले. "माझ्या माहेरचे मेले!"

दादाचा चेहरा पडला. "सगळे?" तो म्हणाला. "एकसुद्धा नाही टिकला?" स्वतःच्या ढेकणांची बाजू घेणारा माझा भाऊ बघून मला हसावं की रडावं कळेना.

ह्यांनी भिंग एका बशीवरून दुसरीवर, दुसरीवरून पुन्हा पहिलीवर फिरवलं. मग ताडकन उठले, चेहरा असा उजळलेला की जणू पैज तेच जिंकले. "अगं, कळलं! पहिल्या वर्षी कच्चे होते ते मेले. दोन-चार जन्मजात दणकट होते, ते वाचले. पोरं झाली ती त्यांनाच. त्यांतले पुन्हा कच्चे मेले, दणकट उरले. दर रविवारी मी काय करत होतो? निवडत होतो! शेतकरी बी निवडतो तसे! चार वर्षांत माणसाची एक पिढी होत नाही, यांच्या कितीतरी झाल्या. आपल्या डोळ्यांदेखत जात बदलली!"

"म्हणजे निगरगट्ट तुम्ही केलेत त्यांना," मी म्हणाले.

"मीच!" हे अभिमानानं म्हणाले. मग एकदम भानावर आले. डोकं खाजवलं. "पण तसं पाहिलं तर मूळ बी तुझ्या माहेरचंच ना? पलंगातूनच आलेलं. पावडर लागू होत नाही, म्हणजे पलंग जाळण्यावाचून..."

असा खोटारडेपणा! मी तोंड उघडणार तोच सासूबाई म्हणाल्या, "कुठला पलंग?"

"ज्यातले ढेकूण तू काढून दिलेस तो."

"मला वाकवतंय होय पलंगाखाली? गुडघे बघ माझे. मी त्या खुर्चीतले काढले. बसल्या बसल्या मिळाले, वाटीभर."

सगळ्यांनी वळून खुर्चीकडे बघितलं. ती माझ्या सासऱ्यांची आरामखुर्ची. ते गेल्यापासून तिच्यावर फक्त हे बसायचे, दुसऱ्या कुणाची टाप नव्हती. तिच्यावर कधी संशयही घेतला नव्हता ह्यांनी. पलंगाला खेटूनच असायची ती, म्हणजे रात्री पावडरीतून पलंगावर जायचं आणि दिवसा खुर्चीत लपायचं, असा ढेकणांचा परिपाठ असणार.

"बाबांच्या खुर्चीत?" हे म्हणाले.

"मूळ कुठलं का असेना," सासूबाई म्हणाल्या, "चार वर्षं तुझं रक्त पिऊन, तुझ्या पावडरीत लोळून वाढले ते तुझ्याच घरचे. सून आली की आपण तिला माहेरची म्हणतो का रे जन्मभर?"

असं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

ओट्यावरून हिरामणनं तंबाखूची पिंक टाकली, मावळतीकडे बघितलं आणि आत डोकावला. "सायेब, दिस बुराला आला. काय फोरू? पलंग का खुर्शी?"

ह्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. त्यांच्या वडिलांचा हात लागून तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. मग माझ्याकडे बघितलं. पलंगाला मी का चिकटून बसले होते ते चार वर्षांत त्यांना पहिल्यांदा कळलं असावं.

"काही फोडू नकोस," ते म्हणाले. "सरपण फोड आणि बंब पेटव. आणि आमचा पलंग धरून अंगणात घे. खुर्चीपण. उकळतं पाणी ओतायचंय."

आमचा पलंग! चार वर्षं 'तुझ्या माहेरचा' होता तो. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. तिथेच अंगणात, दादासमोर, हिरामणसमोर, पदर डोळ्यांना लावून उभी राहिले.

बंबाच्या नळाखाली बादली भरली. पाण्याच्या वाफा निघत होत्या. हे एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला पलंग धरून उभे.

"अगं, रडत काय बसलीस!" सासूबाई ओट्यावरून ओरडल्या. "ओत लवकर! कोमट झालं तर त्याचीही सवय लावून घेतील मेले!"