दीड तासाचं विमान

बाबांची कंबर दोन तासांच्या वर बसत नाही, असं बाबा सांगतात. दुकानात डोळ्याला भिंग लावून दिवसभर घड्याळं उघडून बसतात, तेव्हा ती कंबर कुठे जाते कोण जाणे! गिऱ्हाईकानं "कधी मिळेल?" विचारलं की "बघून सांगतो" म्हणतात, आणि घड्याळ दोन-दोन महिने तिथेच मुक्काम ठोकतं.

आई गेल्यापासून ते एकटे राहतात. माझी लेक तीन महिन्यांची झाली, तरी आजोबांनी तिला फोनवरच पाहिलेलं. "या ना," म्हटलं की कंबर पुढे.

"अंतर तरी किती?" एकदा त्यांनी विचारलं.

"दोन हजार आठशे किलोमीटर."

"बाप रे! मग विमानात किती तास?"

चार, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर तिकिटांच्या वेळा उघडलेल्या होत्या. मी बेधडक सांगितलं, "दहाला सुटतं, साडेअकराला पोचतं. छापलंय तसं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. आमच्या शहरातली घड्याळं त्यांच्याकडच्यापेक्षा अडीच तास मागे असतात, एवढंच सांगायचं राहिलं.

"दीड तास? मग काढ तिकीट."

"घड्याळजीला वेळेत फसवतेस?" नवरा म्हणाला. मी त्याला गप्प केलं खरं, पण पुढचे आठ दिवस जिवात जीव नव्हता. चिडले तर पुन्हा येण्याचं नाव काढणार नाहीत.

विमानतळावर बाबा ताठ चालत बाहेर आले. नातीला घेतलं, तिनं पहिल्या फटक्यात चष्मा ओढला, आणि ते खदखदून हसले. कितीतरी दिवसांनी मी ते हसणं ऐकत होते. तेवढ्यात त्यांचं मनगट दिसलं. दोन घड्याळं! एकात पावणेतीन, दुसऱ्यात सव्वाबारा.

"तुमचं गाव अडीच तास मागे पडतं गं. दुरुस्तीला टाक."

मी ओशाळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं काय माश्या मारतोय?"

"मग बोलला का नाहीत?"

"यायचंच होतं मला. तुझ्या आईशिवाय एकट्यानं निघायचा धीर होत नव्हता. तू निमित्त दिलंस, मी घेतलं."

मी तिथेच रडले आणि हसलेही.

जेवणं झाल्यावर बाबांनी पंधरा दिवसांनंतरचं परतीचं तिकीट बाहेर काढलं. "दहाला सुटतं, साडेचारला पोचतं. साडेसहा तास! माझी कंबर बसायची नाही."

"अहो बाबा, तेही चारच तास..."

"छापलंय तसं!"

नवरा खो खो हसत सुटला. बाबांनी अडीच तास पुढे असलेलं घड्याळ मनगटावरून काढलं आणि नातीच्या कानाशी धरलं. ती टकामका बघत टिकटिक ऐकत राहिली.

"बरं, मग कोणत्या तारखेचं काढू?" मी विचारलं.

"बघून सांगतो," बाबा म्हणाले.