सावळारामचा पहिला भात

"जाळ कमी कर रे. डांबर नाय उकळायचं, भात शिजवायचाय," काशीबाई शेगडीपलीकडून म्हणाली. सावळारामने ओशाळून गॅसची चावी मागे फिरवली.

चोवीस वर्षं तो बांधकाम खात्यात, शेणव्याच्या रस्त्यावर डांबराच्या भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस. यंदा रस्त्यांचा निधी आटला आणि गँग मोडली. कुणाला सापगावला पाण्याच्या पंपावर धाडलं, कुणी घरी बसलं. सावळारामच्या हाती मुरबाडच्या मुलींच्या आश्रमशाळेत बदलीचा कागद पडला. निवृत्तीला आलेल्या काशीबाईच्या हाताखाली पंधरा दिवस स्वयंपाक शिकायचा, शेवटच्या दिवशी एकट्याने रांधून दाखवायचं. जमलं तर नोकरी टिकली, नाहीतर घर. त्याची बायको गुणाबाई पदर तोंडाला लावून हसली होती. "घरात कदी चहा टाकला नाय, नि दोनशे पोरींचा भात टाकनार."

आज तो शेवटचा दिवस. आमटी झकास उतरली. तिची चव घेण्यात तो असा रमला की भाताकडे वळला तेव्हा करपल्याचा वास सुटला होता.

"वरवरचा वाढ नि गप ऱ्हा," काशीबाई कुजबुजली.

अधीक्षिका माधुरी मॅडम हातात वही घेऊन आल्या. सावळारामने स्वतःच झाकण उचललं.

"मॅडम, वरचा चांगला हाय. खाली लागलाय. माजं लक्ष चुकलं."

मॅडमनी वही उघडली. तेवढ्यात जेवणाच्या रांगेतल्या पहिल्या मुलीने, अंजूने, पातेल्यात डोकावून पाहिलं.

"मामा, खरवड हाय? मला द्या ना."

"मला पन," मागची म्हणाली. मग तिच्या मागची. रांग पार मोडली.

सावळारामने उलथण्याने तळाला लागलेली तांबूस खरवड सोडवली, तिच्यावर तेल सोडून मीठ भुरभुरलं. मॅडमनी एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि वहीत सही केली.

"उद्यापासून या," त्या म्हणाल्या. "पण रोज मुद्दाम लावू नका."

काशीबाई पाठ फिरवून हसली.

दुपारी पातेली घासून सावळाराम पायरीवर टेकला, तर गुणाबाईचा फोन आला.

"काय झालं? नि तुमी जेवलंत का?"

"नाय जेवलो," तो म्हणाला. "पोरींनी काय ठेवलंच नाय." आणि तेच वाक्य त्याने तिला पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.