वर्गातली सगळ्यात कच्ची

धाकटीला कोर्सला पाठवणार आहेत हे मला ना धाकटीनं सांगितलं, ना मॅनेजरनं. सांगितलं इस्त्रीवाल्यानं, तेही उशांच्या अभ्र्यांवर रोलर फिरवता फिरवता, अगदी सहज. मी म्हटलं, "बरं झालं." आणि हातातली चादर अशी झटकली की तो शिंकायला लागला.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. माझ्या दिराची बायको. आम्ही एका घरात राहतो, एका स्वयंपाकघरात रांधतो आणि एकाच हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत काम करतो. तिला इथे चिकटवलं कोणी? मी. मशीनचं दार कसं लावायचं हे शिकवलं कोणी? मी. पहिल्याच आठवड्यात तिनं आपला लोकरीचा मोजा पाहुण्यांच्या टॉवेलांबरोबर धुतला आणि सगळ्या टॉवेलांना लव चिकटवून ठेवली, तेव्हा तिला पाठीशी घालणारीही मीच. आणि आता पाणी, वीज, साबण कसा वाचवायचा, पर्यावरण कसं सांभाळायचं, हे शिकून येऊन आम्हा सगळ्यांना शिकवायला ही निघाली होती.

नुसतं शिकवायचंच असतं तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण आमची सुपरवायझर निवृत्त होणार होती. मॅनेजरनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं की जी हे प्रशिक्षण नीट पार पाडेल तिलाच ती जागा, आणि प्रशिक्षण फसलं तर जागा ज्येष्ठतेप्रमाणे जाईल. ज्येष्ठ म्हणजे मी. जागा म्हणजे एक गादीची खुर्ची, तळघरातल्या एकुलत्या एका खिडकीजवळ ठेवलेली. इतकी वर्षं मी त्या खुर्चीकडे तोंड करून घड्या घालत आले. तिची गादी कुठे उसवली आहे, कोणतं चाक अडकतं, सगळं मला ठाऊक. ती खुर्ची माझीच होती, फक्त मला मिळायची राहिली होती.

मी मॅनेजरकडे गेले. विचारलं, "साहेब, कोर्सला मी का नाही?"

"तुम्ही गेलात तर लाँड्री बंद पडेल हो," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय इथं पान हलत नाही."

गोड बोलून माणसाला जिथल्या तिथे कसं ठेवतात ते मला त्या दिवशी कळलं. मी पायऱ्या उतरून खाली आले आणि उरलेला दिवस त्याच्या नावानं बडबडत राहिले. कोणाला ऐकूही गेलं नाही, मशीनचा आवाज इतका असतो.

घरी तर विचारूच नका. धाकटी जेवणाच्या टेबलावर कोर्सची पुस्तकं पसरून बसायची, आणि सासूबाई दबक्या आवाजात मला सांगायच्या, "मोठी, भांडी जरा हळू घास. तिला वाचायचंय." मी भांडी आणखी जोरात घासायची. माझा नवरा, त्याला कुठे काय बोलावं याचा कधीच पत्ता नसतो, म्हणाला, "बघ, किती मन लावून करते. तूही जरा वाचत जा." त्या रात्री त्याच्या ताटात भाजी जरा कमीच पडली.

माझा जळफळाट होत होता. उगाच दुसरं नाव कशाला द्यायचं? तिच्या गळ्यात ओळखपत्राची हिरवी दोरी होती, त्या दोरीचासुद्धा मला राग यायचा. आंघोळीला जाताना ती दोरी खिडकीच्या खिळ्याला अडकवायची, आणि मी येता जाता तिच्याकडे डोळे वटारून बघायची.

मग वर्ग सुरू झाले. जेवणाच्या सुट्टीआधी, मशीनं थांबवून. धाकटी बुटकी, म्हणून ती साबणाच्या रिकाम्या खोक्यावर उभी राहायची. आवाज बारीक, हात एकमेकांत गुंतवलेले. मी ठरवलंच होतं, हिला त्या खोक्यावरून खाली उतरवायचं. भांडायचं नाही, नुसते प्रश्न विचारायचे.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "शेवटच्या वेळी खळबळलेलं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं. ते गटारात सोडायचं नाही. टाकीत साठवायचं आणि पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला घ्यायचं."

मी हात वर केला. "आणि ती खेप स्वयंपाकघरातल्या लाल ॲप्रनची असली तर? गुलाबी चादरींवर झोपवायचं का पाहुण्यांना?"

सगळे हसले. धाकटीचे कान लाल झाले. "मला माहीत नाही, जाऊबाई. विचारून उद्या सांगते."

मी खूश. पण दुसऱ्या दिवशी ती खरंच विचारून आली. रंगीत खेपेच्या वेळी टाकीचा नळ बंद ठेवायचा आणि ते पाणी फरशी पुसायला काढायचं. तिनं त्या नळाला लाल चिंधीसुद्धा बांधली.

मग मी डागांवर घेतलं. पाणी कोमट ठेवलं तर डाग जातील कसे? त्याचंही उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: अंड्याचा आणि रक्ताचा डाग गरम पाण्यात उलट पक्का बसतो, तो आधी थंड पाण्यातच काढायचा. मशीन पूर्ण भरून चालवायचं म्हणतेस, मग कपड्यांना आत हलायला जागा कुठे? तेही आलं: वर हात आडवा मावेल एवढी जागा सोडायची. बाकीचे बिचारे घड्याळाकडे बघत बसायचे. मी मात्र रोज एक नवा खोडा घेऊन जायची आणि रोज त्याचं उत्तर घेऊन परत यायची.

खरा खटका उडाला तो साबणावरून. मी साबण मुठीनं टाकते. सुपरवायझरही म्हणायची, हिची मूठ म्हणजे माप. आणि ही खोक्यावरून सांगते, "मुठीनं टाकायचा नाही. जास्तीचा साबण कपड्यातच राहतो. तो काढायला पुन्हा पुन्हा पाणी लागतं, आणि कपडा कडक होतो."

"माझे टॉवेल कडक असतात?" मी विचारलं.

तिनं माझ्या ढिगातला वरचा टॉवेल गालाला लावून पाहिला आणि हळूच परत ठेवला, आणि तेच मला जास्त झोंबलं.

रविवारी घरात कोणी नव्हतं. मी माझा आणि नवऱ्याचा असे दोन एकसारखे टॉवेल घेतले. एक माझ्या मुठीनं धुतला, दुसरा तिच्या मापानं. दोन्ही एकाच दोरीवर, एकाच उन्हात वाळवले. मनात वाक्य तयार होतं: हे बघ तुझं माप, आणि ही बघ माझी मूठ. वाळल्यावर दोन्ही गालाला लावून पाहिले. मग मुठीचा टॉवेल साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून हलवला. पाण्यावर फेस आला. धुतलेल्या, वाळलेल्या टॉवेलातून फेस. मी बादली मोरीत ओतली आणि वरून आणखी पाणी ओतून फेस घालवला.

दुसऱ्या दिवशी नवरा तोंड पुसताना म्हणाला, "आज टॉवेल मऊ लागतोय."

"तोंड पुसा आणि निघा," मी म्हटलं.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. कामावर मूठ चालूच ठेवली, फक्त कोणी बघत नसलं की माप वापरायची.

मग मॅनेजरनं कळवलं की तपासनीस बाई येणार. प्रशिक्षण झालं की नुसता फार्स झाला, हे त्या ठरवणार. "आणि लक्षात ठेवा," तो म्हणाला, "त्या शिकवणाऱ्याला काही विचारत नाहीत. शिकलेल्यांपैकी कोणाला तरी विचारतात."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धाकटीची परीक्षा दुसऱ्याच्या तोंडून होणार होती, आणि ते तोंड माझं असू शकत होतं. विचारलं तर मला फक्त गप्प राहायचं होतं. खोटं बोलायचं नाही, काही मोडायचं नाही, कोणाचं वाईट करायचं नाही. "मला काही सांगता येणार नाही हो, बाई," एवढंच म्हणायचं, आणि खुर्ची माझी.

मी घरी आरशासमोर सराव केला. भुवया जरा वर, ओठ जरा उघडे, चेहऱ्यावर पूर्ण अंधार. "मला काही सांगता येणार नाही हो, बाई." पुन्हा एकदा, जरा हळू. आतून सासूबाईंनी विचारलं, "कोणाशी बोलतेस गं?" मी दचकून वळले, तर धाकटी वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन दारातून जात होती. ती आत निघून गेली, माझ्याकडे न बघता.

तपासनीस बाई उंच, किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी चहा नको म्हटलं, खुर्ची नको म्हटलं. आम्हाला मशीनांसमोर ओळीनं उभं केलं. मॅनेजर बाजूला हात चोळत होता. मी चेहरा तयार ठेवला होता.

बाईंनी आम्हा कोणाकडेच पाहिलं नाही. त्या धाकटीकडे वळल्या. "हुशार माणूस पुढे करायला सगळ्यांनाच आवडतं," त्या म्हणाल्या. "मला तुमच्या वर्गातलं सगळ्यात कच्चं कोण ते सांगा. मी त्यालाच विचारणार."

धाकटीनं ओळीवरून नजर फिरवली. मग हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं.

"आमच्या जाऊबाई," ती म्हणाली. "वयानं मोठ्या आहेत, पण काय करणार, त्यांच्या डोक्यात काही शिरतच नाही."

इस्त्रीवाला खोकला. कोणीतरी खुदकन हसलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. कच्ची? मी? जिनं तिला दार लावायला शिकवलं ती?

"काय शिरत नाही?" मी म्हटलं. "या इकडे, बाई. दाखवते."

मी त्यांना टाकीपाशी नेलं. कोणतं पाणी कुठून येतं, कुठे जातं, लाल चिंधीचा नळ कधी बंद करायचा आणि का, सगळं सांगितलं. मशीनचं दार उघडून वरची जागा हात आडवा घालून दाखवली. ड्रायरची जाळी ओढून काढली, तिच्यावरचा कापूस त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं की हा नाही काढला तर हवा अडते, कपडे वाळायला वेळ लागतो आणि सगळी वीज फुकट जाते. डागांचं सांगितलं. फाटक्या चादरी टाकून न देता त्यांची पुसणी कशी करायची ते सांगितलं. बाई मध्ये मध्ये वाकडे प्रश्न विचारत होत्या, आणि तसले सगळे प्रश्न मी आधीच विचारून ठेवले होते.

"साबण मोजूनच का घालायचा?" त्यांनी विचारलं. "अंदाजानं चालत नाही?"

"नाही चालत," मी म्हटलं. "मी दोन टॉवेल धुऊन पाहिलेत घरी. अंदाजाच्या टॉवेलातून फेस निघतो."

मग मला ऐकू आलं की मी काय बोलले ते. मशीनं बंद होती, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू आलं.

"छान," बाई म्हणाल्या. "कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

मी तोंड उघडलं. दुसरं कोणाचं नाव घ्यावं, तर दुसरं कोणी नव्हतंच. "हिनं," मी म्हटलं.

"कच्ची विद्यार्थिनी अशी असेल तर पुढचं बघायलाच नको," बाई मॅनेजरला म्हणाल्या आणि पायऱ्यांकडे निघाल्या. त्यांची पाठ वळताच मॅनेजरनं धाकटीसाठी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. हात रिकामे होते म्हणून मीही वाजवल्या.

संध्याकाळी आम्ही नेहमीसारख्या बरोबरच घरी निघालो. मी तिच्या पुढे चार पावलं. सिग्नलपाशी थांबावं लागलं, तेव्हा ती शेजारी आली.

"मी कच्ची?" मी विचारलं. "चारचौघांत?"

"कच्च्या कसल्या," ती म्हणाली. "सगळ्या वर्गात तुमच्याइतकं कोणालाच येत नाही. बाकीचे ऐकतच नव्हते. तुमच्या प्रश्नांपायी मला अर्धा कोर्स पुन्हा करावा लागला."

"मग तसं सांगायचं होतंस त्या बाईला."

"सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, मला काही सांगता येणार नाही हो, बाई." तिनं भुवयासुद्धा तशाच वर केल्या, आरशातल्यासारख्या.

सिग्नल सुटला, पण मी तिथेच उभी. ती खुर्ची मिळवायला मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि तेवढं एक मला जन्मात जमलेलं नाही. हे मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. त्याचा उपयोग करून घ्यायचं मात्र तिला सुचलं.

धाकटी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन थांबली होती. तिनं हाक मारली, "जाऊबाई, चला ना. सासूबाई वाट बघत असतील."

"येतेय," मी म्हटलं. आणि मला तिचा पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटला.